आधी फॉरमॅट, मग विचार!

"पीसी स्लो झालाय रे" असं कुणी म्हणालं की आपल्या हॉस्टेलवर तीनच उत्तरं मिळतात. व्हायरस असेल, रॅम वाढव, नाहीतर सरळ फॉरमॅट मार! "कधीपासून?" असं उलट विचारणारा मला फर्स्ट इयरपासून बीईपर्यंत एकही भेटला नाही. मीही त्यातलाच. त्यामुळे पुढे जे लिहितोय त्यात मत थोडं आणि कबुलीजबाब जास्त आहे.

2025 च्या उन्हाळ्यात मी एका छोट्या कंपनीत इंटर्नशिपला होतो. पहिल्याच आठवड्यात साहेबांनी अकाउंट्सच्या मॅडमकडे पाठवलं. त्यांचं मशीन भयंकर स्लो. सर्व्हरवरची हिशोबाची फाईल उघडायला लावली की खुशाल चहा पिऊन यावं! पगाराच्या आठवड्यात त्या रात्री आठपर्यंत बसायच्या. आणि ऑफिसचं एकमत असं, की मशीनला काही झालेलं नाही, मॅडमनाच कॉम्प्युटर जमत नाही. रिटायरमेंटला दोन वर्षं उरलेल्या बाईबद्दल असं बोलणं फार सोपं असतं.

मॅडम मला म्हणाल्या, "अरे, एरवी बरं चालतं. सर्व्हरवरचं काही उघडलं की झोपतं. दिवाळीत माझं टेबल हलवलं ना, तेव्हापासूनचं आहे हे."

सगळं निदान या तीन वाक्यांत होतं. मी काय केलं? "बघतो मॅडम" म्हणालो आणि फॉरमॅट मारला. डी ड्राईव्हला हात लावला नाही, डॉक्युमेंट्स कॉपी करून घेतली. डेस्कटॉपवर 'पत्रे' नावाचं एक फोल्डर होतं, ते राहिलं.

मशीन तितकंच स्लो. रॅम वाढवली, तरी तेच. विंडोज 10 चा सपोर्ट ऑक्टोबरमध्ये संपणार होता, त्या निमित्ताने मॅडमना कोरा करकरीत पीसी मिळाला. तोसुद्धा स्लो!! तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली, की आजार मशीनला नाही, टेबलाला आहे.

मग पहिल्यांदा मोजायला बसलो. सीपीयू 6 टक्के, डिस्क शांत. सर्व्हरला पिंग मारला, उत्तर 1 मिलिसेकंदाच्या आत. इथेच बरेच जण "नेटवर्क ओके" म्हणून उठतात. पण विंडोजचा पिंग म्हणजे एका वेळी 32 बाईट डेटा, त्याला कोण अडवणार? 200 एमबीची एक फाईल सर्व्हरवरून ओढून पाहिली. शेजारच्या टेबलावर 20 सेकंद, मॅडमच्या टेबलावर 9 मिनिटं!

स्विचच्या सेटिंगमध्ये शिरलो तर त्या टेबलाचा पोर्ट कुणीतरी कधीकाळी '100 फुल' असा फिक्स करून ठेवलेला. पीसी 'ऑटो'वर. पोर्ट फिक्स केला की स्विच बोलणी करत नाही. पीसीला वेग कळतो, डुप्लेक्स कळत नाही, मग तो नियमाप्रमाणे हाफ डुप्लेक्स धरतो. म्हणजे एकाला वाटतं दोघांनी एकदम बोललं तरी चालेल, दुसऱ्याला वाटतं आळीपाळीने बोलायचंय. एकटं पिंगचं पॅकेट निभावून जातं. मोठी फाईल आली की टक्कर, पुन्हा पाठवणं, पुन्हा टक्कर. त्या पोर्टसमोर सीआरसी एररचा आकडा दर रिफ्रेशला वाढत होता. पोर्ट ऑटोवर टाकला आणि दोन मिनिटांत काम संपलं.

आता गंमत बघा. सीएसएमए/सीडी मी पेपरात आठ मार्कांना लिहिलंय, आकृतीसकट. ओरलला ऑटो-निगोशिएशनही सांगितलंय. पण आपल्या लॅबमध्ये काही बिघडलेलं असतंच कुठे? सगळं चालू असतं, रीडिंग ठरलेलं असतं, आणि नाहीच जुळलं तर मागच्या बॅचची फाईल असतेच. (माझ्या फाईलमधलं एकही रीडिंग कधी चुकलेलं नाही, यावरून काय ते समजा.) "हे हार्डवेअरवाल्याचं काम, इंजिनिअरचं नाही" असं म्हणणारे मित्र आहेत. मग मापं न घेता रॅम विकत घ्यायला लावणं हे कोणाचं काम?

माझं म्हणणं एवढंच, की प्रत्येक सेमिस्टरला एक प्रॅक्टिकल असं हवं, जिथे लॅब असिस्टंटनी मुद्दाम काहीतरी बिघडवून ठेवलंय. वायर, पोर्ट, डीएनएस, काहीही. मार्क दुरुस्तीला नकोत. आधी काय विचारलंत, काय मोजलंत आणि कुठली शंका कशावरून खोडली, याला द्या. आणि मशीनवर रोज बसणाऱ्या माणसाचं म्हणणं जसंच्या तसं लिहून घेण्याला दोन मार्क वेगळे.

जाण्यापूर्वी मॅडमच्या पत्रांपैकी ज्यांच्या छापील प्रती कपाटात मिळाल्या, ती सात पत्रं मी टाईप करून दिली. बाकीची मिळाली नाहीत. मॅडम म्हणाल्या, "असू दे रे, आता सहाला निघता येतं मला."