विमान आले; तीन वर्षांनंतर काय?

अमरावतीजवळील बेलोरा विमानतळावर १६ एप्रिल २०२५ रोजी मुंबईहून ‘अलायन्स एअर’चे विमान उतरले, तेव्हा त्याचे स्वागत उत्साहाने व्हावे हे स्वाभाविकच होते. वाशिम जिल्ह्यात विमानतळ नाही. कारंजा-मंगरूळपीरकडील रुग्णाला अथवा व्यापाऱ्याला मुंबई त्या दिवसापासून काहीशी जवळ आली. परंतु ही सेवा किती काळ टिकेल, हा प्रश्न हारतुऱ्यांच्या गर्दीत कोणी विचारला नाही.

हा मार्ग ‘उडान’ योजनेतील आहे. २०१६ मध्ये आखलेल्या या योजनेत विमान कंपनीला तूट भरून काढण्यासाठी तीन वर्षे अनुदान मिळते. त्यातील एक पंचमांश भार सामान्यतः राज्य सरकार उचलते. त्या बदल्यात सुमारे निम्मी आसने मर्यादित भाड्यात द्यावी लागतात. तासाभराच्या प्रवासासाठी हे भाडे प्रारंभी २५०० रुपये होते. तीन वर्षांत प्रवासी तयार होतील आणि मार्ग स्वतःच्या पायावर उभा राहील, हे यामागील गृहीतक. नवजात उद्योगाला काही काळ संरक्षण द्यावे, या अर्थशास्त्रातील जुन्या विचाराचेच ते रूप आहे.

अनुभव मात्र वेगळा आहे. महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालानुसार मंजूर झालेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ मार्गांवर सेवा सुरूच झाली नाही. उरलेल्या ३७१ पैकी ११२ मार्गांनीच तीन वर्षे पूर्ण केली, आणि मार्च २०२३ मध्ये त्यांतील अवघे ५४ चालू होते. शंभरांत सात! शेजारच्या नांदेडला २०१७ मध्ये ‘ट्रूजेट’ आली. २०२२ मध्ये ती कंपनीच थांबली, आणि ‘स्टार एअर’ येईपर्यंत २०२४ उजाडले.

याचे कारण व्यवसायाच्या स्वरूपातच आहे. सत्तर आसनांच्या विमानात वीस प्रवासी बसले तरी वैमानिकाचे वेतन, विमानाचा भाडेपट्टा आणि बहुतांश इंधन तेवढेच लागते. तूर भाव येईपर्यंत गोदामात ठेवता येते. रिकामे गेलेले आसन उद्या विकता येत नाही. त्यातून बेलोऱ्याची सेवा आरंभी आठवड्यातून तीनच दिवस, तीही दुपारची. सकाळी जाऊन काम आटोपून रात्री परतू इच्छिणाऱ्याला तिचा उपयोग काय?

हा धडा आपल्याला नवा नाही. १९८१ मध्ये एअर इंडिया व इंडियन एअरलाइन्स यांनी मिळून ‘वायुदूत’ काढली. ईशान्येच्या दुर्गम भागासाठी निघालेली ही कंपनी पाहता पाहता देशभर पसरली. ज्याला त्याला आपल्या गावी विमान हवे होते. तोटा साचत गेला आणि १९९३ मध्ये ती इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाली.

याउलट नॉर्वेतील ‘विडेरोए’ ही १९३४ मध्ये स्थापन झालेली कंपनी पाहावी. १९६८ पासून तिची छोटी विमाने उत्तरेकडील किनाऱ्यावरच्या सुमारे ८०० मीटरच्या आखूड धावपट्ट्यांवर उतरू लागली. फायद्याच्या मार्गांवर ती स्वतःच्या हिमतीवर चालते. तोट्याच्या मार्गांसाठी नॉर्वेचे सरकार १९९७ पासून निविदा काढते. किती फेऱ्या आणि किती भाडे हे सरकार ठरवते, आणि मुदत संपली की पुन्हा निविदा निघते. तेथील अनुदान हे बाळसे धरेपर्यंतचे दूध नव्हे. सार्वजनिक सेवेची ती किंमत आहे, आणि ती उघडपणे मोजली जाते.

अर्थात विदर्भ म्हणजे नॉर्वे नव्हे. तेथे खाडी ओलांडायला रस्ता नसतो. येथे रातोरात मुंबईला पोहोचविणारी रेल्वे आहे, आणि जून २०२५ मध्ये पूर्ण झालेला समृद्धी महामार्ग तर वाशिम जिल्ह्यातूनच जातो. २०१८ मध्ये आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत गेलेल्या या जिल्ह्यातील शेतमजुराने विमान प्रवाशाचे तिकीट स्वस्त का करावे, हा आक्षेपही हसण्यावारी नेता येणार नाही. म्हणूनच अनुदान मोजक्या मार्गांना द्यावे, पण दीर्घकाळ द्यावे. प्रत्येक जिल्ह्याला धावपट्टी हे धोरण ‘वायुदूत’च्या वाटेने जाणारे आहे. अकोल्याच्या शिवणी विमानतळाची धावपट्टी लांबविण्याची मागणी वर्षानुवर्षे होत आली आहे. उद्या वाशिमचीही होईल. लोकप्रतिनिधींना ती मांडणे सोपे आहे, पण तिने वाशिमकराच्या पदरात फारसे काही पडणार नाही.

त्यापेक्षा वाशिमहून मंगरूळपीर, कारंजामार्गे बेलोऱ्यापर्यंत विमानाच्या वेळेशी जुळणारी एस. टी. मागावी. आणि अनुदानाची तीन वर्षे एप्रिल २०२८ च्या सुमारास संपतील, तेव्हा फेऱ्या व वेळा स्वतः ठरवून राज्य सरकार नव्याने निविदा काढणार आहे काय, याचे उत्तर विधिमंडळाच्या सभागृहात आताच घ्यावे.