बाळाच्या उशाशी विडी!

गडचिरोलीच्या रानात उन्हाळ्याच्या तडाख्यात आदिवासी बाई तेंदूची पाने खुडते, पुडे बांधते, पोरांच्या पोटाची सोय करते. तेच पान विडी होऊन तिच्या घरात परत येते, आणि घरधनी ती पेटवतो कुठे, तर तान्ह्या बाळाच्या उशाशी! झुरका एकाचा, धूर साऱ्या घराच्या नशिबी. हा कुठला न्याय?

सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानाविरुद्ध 2003 मध्ये कायदा झाला. 2 ऑक्टोबर 2008 पासून त्याचे नियम कडक झाले. फलाटावरच्या प्रवाशाच्या फुप्फुसांची चिंता सरकारने वाहिली. एका खोलीत रात्रभर कोंडलेल्या लेकराला मात्र वाली नाही. 2016-17 च्या देशव्यापी पाहणीत 38.7 टक्के प्रौढांच्या वाट्याला घरातच दुसऱ्याचा धूर येत असल्याचे दिसले. पाळण्यातल्यांची त्यात गणतीच नव्हती!

‘दार उघडे ठेवतो’, ‘कोपऱ्यात बसून ओढतो’, या सबबी पुरे झाल्या. विडीच्या जळत्या टोकाचा धूर थेट घरात पसरतो. तो मुलांना न्यूमोनियाकडे ढकलतो, दमा वाढवतो, कान बिघडवतो. चुलीच्या धुरावर सरकारने ‘उज्ज्वला’ गॅस योजना आणली. विडीच्या धुरावर काय आणले? सप्टेंबर 2025 मध्ये जीएसटी परिषदेने विडीवरचा कर 28 वरून 18 टक्क्यांवर उतरवायचे ठरवले! विडी कामगारांचा कळवळा असेल तर त्यांना दुसरा रोजगार द्या. त्यांच्या आडून विष स्वस्त कसले करता?

आदिवासींना अडाणी ठरवून नाक मुरडणाऱ्या शहरी शहाण्यांनी आधी आपल्या दिवाणखान्यातले रक्षापात्र उचलावे. उपाय त्यांच्या उपदेशात नाही, ग्रामसभेत आहे. 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या गडचिरोलीतल्याच मेंढा-लेखा गावाने ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ हे देशाला ठणकावून सांगितले. मग हे सरकार घरातल्या धुरापुढे मुके का? तेंदूचा लिलाव स्वतः करणाऱ्या ग्रामसभांनी ठराव करावा: छपराखाली विडी पेटणार नाही, घरच्याची नाही, पाहुण्याचीही नाही. तेंदूच्या पैशातला वाटा व्यसन सोडू पाहणाऱ्यांसाठी राखावा. बाळाचे वजन नोंदवणाऱ्या आशाताईंनी घरातल्या धुराचीही नोंद घ्यावी. आणि त्या ठरावावर पहिला हात बायकांचा वर व्हावा!

व्यसन एका दिवसात सुटत नाही, हे आम्ही जाणतो. पण विडी घेऊन अंगणापलीकडे जायला कोणते औषध लागते? तेवढेही ज्याला जमत नाही, त्याने स्वतःला घराचा कर्ता म्हणवून घेऊ नये!