बंदुका आपल्याच होत्या

रणसिंघे प्रेमदासा कृतघ्न निघाले, हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल! आपल्या जवानांनी श्रीलंकेसाठी रक्त सांडलं आणि त्या देशाच्या नव्या अध्यक्षाने आपल्यालाच चालतं व्हायला सांगितलं, अशी ही तक्रार. व्याख्यानांत ती येते, वर्तमानपत्री लेखांत येते आणि तिला कुणी आव्हान देत नाही. मी देतो. ही तक्रार खोटी आहे. प्रेमदासांवर याहून कितीतरी गंभीर आरोप ठेवता येतो. पण तो ठेवायचा तर आरोपीच्या पिंजऱ्यात दिल्लीलाही उभं करावं लागतं, म्हणून आपल्याकडे त्याला कुणी हात लावत नाही.

१९ डिसेंबर १९८८. श्रीलंकेत अध्यक्षपदाची निवडणूक झाली तेव्हा दक्षिणेत जनता विमुक्ती पेरामुना ही सिंहली बंडखोर संघटना, म्हणजे जेव्हीपी, मतदानाला जाणाऱ्याला ठार मारण्याच्या धमक्या देत होती. मतदान ५५ टक्क्यांच्या आसपास झालं. प्रेमदासांना ५० टक्क्यांहून किंचित जास्त मतं पडली आणि सिरिमाव्हो बंडारनायके हरल्या. कोलंबोच्या गरीब वस्तीतून वर आलेला, उच्चकुलीनांच्या राजकारणात उपरा ठरलेला हा माणूस २ जानेवारी १९८९ रोजी कँडीच्या दंतमंदिरात शपथ घेऊन सत्तेवर बसला. तेव्हा उत्तरेत आणि पूर्वेत तमिळ वाघांची लिट्टे ही संघटना स्वतंत्र तमिळ ईलमसाठी लढत होती, दक्षिणेत जेव्हीपीचं बंड पेटलं होतं आणि देशाच्या भूमीवर शेजारच्या बलाढ्य राष्ट्राचं हजारो सैनिकांचं लष्कर तळ ठोकून होतं.

ते लष्कर तिथे कसं पोहोचलं, हे सांगताना आपली जीभ अडखळते. जुलै १९८३ मध्ये श्रीलंकेत तमिळांचं हत्याकांड झालं. तमिळांवरचा अन्याय खरा होता, भयानक होता. पण त्याला दिल्लीने दिलेलं उत्तर काय? तमिळ अतिरेकी गटांना भारताच्या भूमीवर प्रशिक्षण, पैसा आणि शस्त्रं. लिट्टेही त्यातलीच. एका शेजारी देशाला धाकात ठेवण्यासाठी त्याच्या फुटीरतावाद्यांना पोसायचं, हे धोरण पाकिस्तानने पंजाबात आणि काश्मीरमध्ये राबवलं तेव्हा आपण जगभर ओरडलो. योग्यच केलं. मग तेच आपण जाफन्यात केलं त्याला मुत्सद्देगिरी कशी म्हणता?

पुढचं सगळं त्याच मालिकेतलं आहे. ४ जून १९८७ रोजी आपल्या विमानांनी श्रीलंकेची परवानगी न घेता जाफन्यावर मदतसामग्री टाकली. लढाऊ मिराज त्यांच्या संरक्षणाला होती. २९ जुलैला राजीव गांधी आणि जे. आर. जयवर्धने यांनी कोलंबोत करारावर सह्या केल्या तेव्हा शहरात संचारबंदी होती आणि पंतप्रधान असलेले प्रेमदासा त्या समारंभाला हजर नव्हते. करारासोबतच्या पत्रांत त्रिंकोमालीचं बंदर, तिथल्या तेलटाक्या आणि परदेशी प्रसारणकेंद्रं यांच्याबद्दल भारताला हव्या त्या हमी लिहून घेतल्या होत्या. तमिळांच्या कळवळ्याबरोबर आपले हितसंबंधही त्याच जहाजातून गेले होते, हे मान्य करायला काय हरकत आहे? आणि ज्या लिट्टेला हा करार मान्यच नव्हता, तिच्याकडून शस्त्रं काढून घेण्याची जबाबदारी या करारानुसार श्रीलंकेत उतरलेल्या आपल्या जवानांच्या अंगावर टाकली गेली. ऑक्टोबरमध्ये आपलंच प्रशिक्षण घेतलेल्या पोरांनी आपल्या जवानांवर गोळ्या झाडायला सुरुवात केली.

म्हणून १ जून १९८९ रोजी प्रेमदासांनी भारतीय सैन्याने २९ जुलैपर्यंत निघून जावं, अशी जाहीर मागणी केली तेव्हा ते चुकले नाहीत. निवडून आलेल्या अध्यक्षाने परक्या फौजेला परत जायला सांगणं हा त्याचा अधिकार आहे. जेव्हीपीचा सगळा प्रचार भारतीय सैन्याच्या उपस्थितीवर पोसला जात होता. ते हत्यार तिच्या हातून काढून घेणं त्यांना भागच होतं. यात कृतघ्नता शोधणाऱ्याने एवढंच सांगावं: आपल्या देशात परकी फौज असती आणि आपल्या पंतप्रधानांनी गप्प बसायचं ठरवलं असतं, तर आपण त्यांना काय म्हटलं असतं?

प्रेमदासांचा गुन्हा त्याच्या पुढचा आहे आणि तो अक्षम्य आहे. भारताला बाहेर काढण्यासाठी त्यांनी लिट्टेशी हातमिळवणी केली. बोलणी केली याबद्दल माझी तक्रार नाही, शत्रूशीच बोलावं लागतं. पण त्यांच्या सरकारने लिट्टेला शस्त्रं आणि दारूगोळा पुरवला. स्वतःचा देश तोडायला निघालेल्या संघटनेला स्वतःच्या कोठारातून! बोलणी चालू असतानाच १३ जुलै १९८९ रोजी तमिळांचे मवाळ नेते अमिर्तलिंगम यांचा लिट्टेने कोलंबोत त्यांच्या राहत्या जागी खून केला. तेवढ्यावरूनही प्रेमदासांना समज आली नाही. दक्षिणेत मात्र त्यांच्या राजवटीने जेव्हीपीचा बीमोड करताना हजारो सिंहली तरुण गायब केले. बंडखोरांच्या एका टोळीला शस्त्रं, दुसरीच्या पोरांना टायरवर जाळणं, हे त्यांचं राज्य.

आणि दिल्लीने काय केलं? निघायची वेळ आली तेव्हा ईपीआरएलएफ या तमिळ गटाच्या उत्तर-पूर्वेतल्या प्रांतिक सरकारला वाचवण्यासाठी 'तमिळ राष्ट्रीय सेना' उभी केली. तिच्यात कोवळी तमिळ पोरं घराघरांतून, रस्त्यांवरून धरून आणून भरली. मग आपण जहाजात बसलो. लिट्टेने त्या पोरांची कत्तल केली. २४ मार्च १९९० रोजी आपली शेवटची तुकडी त्रिंकोमालीहून निघाली. ११ जून रोजी लिट्टेने पूर्वेतल्या पोलीस ठाण्यांना वेढा घातला. प्रतिकार करू नका, असा आदेश कोलंबोहून आला. पोलीस शरण गेले आणि त्यांतल्या शेकडोंना हात बांधून गोळ्या घालण्यात आल्या. ऑक्टोबरात उत्तरेतल्या मुसलमानांना लिट्टेने रातोरात हुसकावलं. २१ मे १९९१ रोजी श्रीपेरंबुदूरला राजीव गांधी गेले. १ मे १९९३ रोजी कोलंबोत मे दिनाच्या मिरवणुकीत प्रेमदासा गेले. दोघांना मारणारी संघटना एकच, आणि तिच्या हातात शस्त्रं देणाऱ्यांत दोघांचीही सरकारं होती.

या हिशेबात आपले सुमारे १२०० जवान आहेत. त्यांत महार रेजिमेंटच्या ८ व्या बटालियनचे मेजर रामस्वामी परमेश्वरन आहेत. मुंबईत जन्मलेला हा अधिकारी २५ नोव्हेंबर १९८७ रोजी जाफना भागात लढताना पडला. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं. त्यांच्या शौर्याबद्दल बोलण्याची माझी पात्रता नाही. पण त्यांना तिथे कोणी आणि कशासाठी पाठवलं, हे विचारणं माझं कर्तव्य आहे. जवान परतले तेव्हा मद्रासच्या बंदरात त्यांच्या स्वागताला जायला तमिळनाडूचे मुख्यमंत्री करुणानिधींनी नकार दिला. त्या वेळी देशाने जी मान फिरवली, ती सैनिकांवर अन्याय करणारी होती आणि राज्यकर्त्यांना सोडून देणारी होती.

तिथल्या सामान्य तमिळांचाही हिशेब यातच आहे. ऑक्टोबर १९८७ मध्ये, दिवाळीच्या दिवशी, आपले सैनिक जाफन्याच्या रुग्णालयात शिरले. डॉक्टर, परिचारिका, कर्मचारी आणि रुग्ण धरून साठाहून अधिक माणसं मारली गेली. ऑगस्ट १९८९ मध्ये वल्वेट्टितुरैत पन्नासहून अधिक नागरिक मारले गेले. यांबद्दल आपल्याकडे एकाही सरकारने समाधानकारक उत्तर दिलेलं नाही. हे लिहिलं की 'जवानांचं मनोधैर्य खचतं' असा आरडाओरडा होतो. मनोधैर्य सत्य बोलल्याने खचत नाही. चुकीच्या युद्धात मरायला पाठवून नंतर त्याचा उल्लेखही टाळल्याने खचतं.

ज्या करारासाठी हे सगळं घडलं, त्याचं काय झालं? त्यातून आलेल्या तेराव्या घटनादुरुस्तीने प्रांतांना मिळायचे पोलीस आणि जमिनीचे अधिकार कोलंबोने आजवर पूर्णपणे दिलेले नाहीत. उत्तर प्रांताच्या परिषदेची पहिली निवडणूक व्हायला २०१३ साल उजाडलं. २०१८ मध्ये तिची मुदत संपली आणि त्यानंतर वर्षानुवर्षं निवडणूक घेतलीच गेली नाही. २०२४ मध्ये त्याच जेव्हीपीचे अनुरा कुमारा दिसानायके अध्यक्ष झाले आणि पहिल्या परदेश दौऱ्यावर दिल्लीत आले. राजकारणात वैरी बदलतात. मेलेली माणसं मात्र परत येत नाहीत.

कोलंबोजवळ श्रीलंकेने आपल्या जवानांचं स्मारक उभारलं आहे, आपले पंतप्रधान तिथे पुष्पचक्र वाहतात. वाहावंच. पण त्याआधी १९८३ ते १९९० या काळातली श्रीलंकेविषयीची सगळी कागदपत्रं खुली करा. लिट्टेला शस्त्रं देण्याचा निर्णय कोणी घेतला, जाफन्याच्या रुग्णालयात काय घडलं, 'तमिळ राष्ट्रीय सेने'त पोरं भरण्याचा हुकूम कोणाचा होता, हे देशाला सांगा. आणि वाचकहो, यापुढे कुणी शेजारच्या देशातल्या बंडखोरांना 'आपण मदत केली पाहिजे' असं छाती फुगवून म्हणालं, तर त्याला त्या १२०० जवानांचा हिशेब मागा. तो मागायचा हक्क तुमचा आहे.