पालकसभेला आजी-आजोबा जातात तेव्हा

आई-वडील दोघेही नोकरी करीत असल्यामुळे पालकसभेस जाण्याचे काम अनेक घरांत आजी-आजोबांकडे आले आहे. हे काम निरोप्याचे नव्हे. मुलाची उपस्थिती, शिकण्याची क्षमता आणि प्रगती नियमित सभांतून पालकांना सांगणे, हे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शिक्षकांचे कर्तव्य ठरविले आहे. तेव्हा ‘गुण किती?’ एवढेच विचारून परतू नये.

‘वर्गात लक्ष नसते’ असा शेरा आला, तर नेमके केव्हा नसते, ते विचारावे. तोंडी उत्तरे बरोबर येतात. पण फळ्यावरचे उतरवून घेताना चुका होतात, असे कळल्यास डोळे तपासून घ्यावेत. वारंवार ‘काय?’ म्हणणाऱ्या मुलाचे कान तपासावेत. अशा मुलाला आळशी म्हटले, की हळूहळू तेही स्वतःला तसेच समजू लागते.

आपणही सांगण्यासारखे सांगावे. दम्याचा पंप, झोप आणणारे औषध, घरातील आजारपण यांची कल्पना शिक्षकांना असायला हवी. सुनेविषयीची तक्रार मात्र तेथे नको.

ऐकू कमी येत असल्यास, समोर बसून सावकाश बोलण्याची विनंती निःसंकोचपणे करावी. शिक्षकांचे म्हणणे तेथेच टिपून घ्यावे आणि मुलाच्या आई-वडिलांना ते पदरचे काही न घालता सांगावे.