शाळेची वेबसाइट शिक्षकांनाच बनवू द्या



‘शाळांना वेबसाइट कंपन्यांनी बनवून द्याव्यात, शिक्षकांना त्यात कशाला अडकवायचं?’ असा सूर वाचकांच्या सदरातल्या काही पत्रांतून उमटला. मी नोएडात आयटीत नोकरी करतो आणि सुट्टीच्या शनिवारी दिल्लीतल्या शाळांत शिक्षकांना व मुलांना वेबसाइट बनवायला शिकवतो. हे मत मला मुळीच पटत नाही.

शिक्षकांवर निवडणुकीच्या कामापासून नाना पोर्टलं भरण्यापर्यंत ओझं आहे, हे मान्य. पण आयत्या वेबसाइटने ते हलकं होत नाही. उद्घाटन होतं, फोटो निघतात आणि पासवर्ड वेबसाइट बनवणाऱ्या कंत्राटदाराकडेच राहतो. डोमेनचं, म्हणजे वेबसाइटच्या नावाचं, शुल्क ठरावीक मुदतीने भरावं लागतं, आणि ते नाव अनेकदा कंत्राटदाराच्या ईमेलवर नोंदलेलं असतं. तो फोन उचलेनासा झाला की शाळेचा पत्ताच हातचा जातो. सीबीएसईच्या शाळांना तर फी, वार्षिक वेळापत्रक, व्यवस्थापन समितीची नावं, इमारतीच्या सुरक्षेची प्रमाणपत्रं आणि बोर्डाचे तीन वर्षांचे निकाल वेबसाइटवर जाहीर करणं बंधनकारक आहे. यातलं बरंचसं दरवर्षी बदलतं. ज्या बाईंना निकाल तोंडपाठ आहे त्यांनाच पान उघडून तो आकडा बदलता येत नसेल, तर ती वेबसाइट शाळेची कशी?

एका शाळेत हिंदीच्या मॅडमनी वार्षिकोत्सवाचं छान निवेदन टाइप करून आणलं होतं. पानावर चिकटवलं तर इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची रांग उमटली. मजकूर कृतिदेवमध्ये होता. तो फॉन्ट दिसायला देवनागरी असला तरी संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरंच असतात. श्रीलिपीतली जुनी फाइल ज्यांनी दुसऱ्या संगणकावर उघडली आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. अशा वेळी कंत्राटदार कागद स्कॅन करून त्याचं चित्र चढवून मोकळा होतो. मग ते शोधात सहसा सापडत नाही, अंध पालकाचा मोबाइल ते नीट वाचून दाखवू शकत नाही. आम्ही मॅडमना युनिकोड आणि इनस्क्रिप्ट कीबोर्ड दाखवला. नववीतली एक मुलगी शेजारी बसून तोच मजकूर पुन्हा टाइप करू लागली. शीर्षकाला, परिच्छेदाला एचटीएमएलच्या खुणा घातल्या, फाइल सेव्ह केली, उघडली, तर ब्राउझरमध्ये खुणाच खुणा. फाइलच्या नावाला शेवटी टीएक्सटी लागलं होतं. ते तिचं तिनेच शोधून काढलं, आणि पान नीट दिसल्यावर मॅडमनी खुर्ची पुढे ओढून माउस स्वतःच्या हातात घेतला. माझ्या मते शाळेची वेबसाइट त्या क्षणी सुरू झाली.

देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ पासून आहे. डॉट भारत हे डोमेन २०१४ पासून मिळतं. वेबचं तंत्र १९९३ मध्येच सर्वांना विनामूल्य खुलं झालं. साधनं आहेत, वानवा आहे ती शेजारी बसून दाखवणाऱ्यांची.

मुलं आपोआप शिकतात, असंही कुणी म्हणतं आणि दाखला याच दिल्लीतला देतं. १९९९ मध्ये सुगत मित्रा यांनी कालकाजीत एका भिंतीत संगणक बसवला आणि शेजारच्या वस्तीतली मुलं कुणी न शिकवता तो चालवू लागली. प्रयोग मोठाच होता. पण पाहणं वेगळं आणि जगापुढे प्रसिद्ध करणं वेगळं. मुलांना पान बनवायला बसवलं की पहिल्याच तासाला वर्गमित्राचा फोटो, पूर्ण नाव आणि घरचा नंबर त्यावर येतो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्यांची माहिती वापरायला पालकांच्या संमतीची अट आहे. काय छापावं आणि काय छापू नये, हे त्या मुलांना त्यांचे शिक्षकच सांगू शकतात. म्हणून आधी शिक्षक शिकले पाहिजेत. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले यांना २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला, तेव्हा पुस्तकातल्या क्यूआर कोडचं कौतुक झालं. पण पुस्तकात तो कोड आणणारा शिक्षक होता, हे आपण फार लवकर विसरलो.

एआय मिनिटभरात पान बनवून देतं हेही खरं आहे. पण त्यातला फीचा आकडा बरोबर की चूक, हे शाळेतल्या कुणालातरी कळायला हवं आणि दुरुस्त करता यायला हवं.

आता थोडं माझ्यासारख्या स्वयंसेवकांविषयी. एक दिवसाची कार्यशाळा, प्रमाणपत्रं, ग्रुप फोटो आणि मग नव्याचे नऊ दिवस, हा प्रकार थांबला पाहिजे. एका शाळेला निदान एक शैक्षणिक वर्ष द्यावं. बदली होते, म्हणून दोन शिक्षक तयार करावेत. डोमेन आणि ईमेल शाळेच्या नावावर, पासवर्ड मुख्याध्यापकांच्या ताब्यात. सीबीएसईच्या दहावीच्या कॉम्प्युटर अॅप्लिकेशन्स विषयात एचटीएमएल आहेच. प्रात्यक्षिकापुरती खोटी पानं बनवणाऱ्या मुलांनी शिक्षकांच्या देखरेखीखाली शाळेचं खरं पान सांभाळावं. सरकारी आणि अनुदानित शाळांत स्वयंसेवकांना जाता यावं म्हणून केंद्र सरकारने २०२१ मध्ये विद्यांजली २.० हे पोर्टल सुरू केलं आहे. शाळांनीही तिथे ‘आमच्या शिक्षकांना वेबसाइट शिकवा’ अशी स्पष्ट मागणी नोंदवावी.

नोएडा, गुरुग्राम, फरिदाबादच्या महाराष्ट्र मंडळांत संगणक क्षेत्रातली बरीच मंडळी आहेत. गणेशोत्सवासाठी ती रात्री जागवतात, हे मी दरवर्षी पाहतो. त्यांना माझी विनंती आहे: पहाडगंजचं नूतन मराठी विद्यालय असो की घराजवळची सरकारी शाळा, कुठलीही एक निवडा, मुख्याध्यापकांना भेटा आणि एप्रिलमध्ये नवं सत्र सुरू होताच शिक्षकांबरोबर बसायला सुरुवात करा.

– एक वाचक, नोएडा