वेबसाईट करायची? आधी दर किती वेळा बदलतो ते पाहा

आमच्या वाचकांपैकी कितीतरी घरांत आज नोकरीच्या जोडीला लहानसा धंदा उभा आहे. कुठे मसाले-पापड होतात, कुठे शाळेचे गणवेश शिवले जातात, कुणाचे मोटारसायकलच्या सुट्या भागांचे दुकान आहे. धंद्याला जरा बरे दिवस आले की घरातील शिकलेली मुले म्हणतात, “आपली वेबसाईट पाहिजे.” मुलांचे म्हणणे रास्त आहे. परंतु हा पैसा बहुधा बचत गटाच्या कर्जातून किंवा पोटाला चिमटा घेऊन साठवलेल्या रकमेतून जातो. म्हणून काय विकत घेत आहोत, हे आधी समजून घेतले पाहिजे.

वेबसाईटचे मुख्य प्रकार दोन. पहिला स्टॅटिक. यात पाने आधीच लिहून तयार असतात. कुणी पत्ता उघडला की सर्व्हर ते पान जसेच्या तसे पाठवतो. दुकानावर रंगवलेल्या पाटीसारखेच हे. 1991 साली टिम बर्नर्स-ली यांनी जगातील पहिली वेबसाईट सुरू केली, ती याच प्रकारची होती.

दुसरा प्रकार डेटाबेसवर चालणारा. यात माल, भाव, शिल्लक, ऑर्डरी हे सारे एका कोठारात रकान्या-रकान्यांनी नोंदलेले असते. गिऱ्हाईक आले की सर्व्हरवरचा प्रोग्राम त्या कोठारातून माहिती काढतो आणि पान तिथल्या तिथे बनवून देतो. 1995 साली आलेली पीएचपी आणि मायएसक्यूएल ही साधने यासाठी फार वापरली गेली. 2003 साली आलेले वर्डप्रेसही याच पद्धतीने चालते.

दुसरा प्रकार मोठा दिसतो, म्हणून तोच चांगला, असा अनेकांचा समज होतो. आम्हाला तो पटत नाही. मसाल्याचे आठ प्रकार आहेत, भाव वर्षातून दोनदा बदलतात, ऑर्डर फोनवर येते. अशा घराला पाच पानांची स्टॅटिक वेबसाईट पुरते. ती चटकन उघडते आणि तिचे भाडेही कमी पडते. पानावर फोन नंबर ठळक लिहावा, व्हॉट्सअ‍ॅपची लिंक द्यावी, पैसे यूपीआयने घ्यावेत. त्यासाठी स्वतःचा डेटाबेस लागत नाही.

सुट्या भागांच्या दुकानाचे तसे नाही. सहाशे वस्तू, प्रत्येकीची शिल्लक रोज बदलणारी, आणि गिऱ्हाइकाला गाडीचे मॉडेल टाकून भाग शोधायचा असतो. इथे पाने हाताने बदलत बसलात तर धंदा कधी करणार? अशा दुकानाने डेटाबेसचाच मार्ग धरावा.

मात्र त्याची निगा राखावी लागते. प्रोग्राम वेळच्या वेळी अद्ययावत केला नाही तर त्यातील भोके उघडी राहतात. फॉर्मच्या रकान्यात घातकी हुकूम लिहून डेटाबेसमधील माहिती काढून घेणे, ही चोरांची जुनी युक्ती आहे. त्यात गिऱ्हाइकांचे पत्ते आणि फोन नंबर असतील तर ती जबाबदारी आपली. बॅकअप घेताना फाईली आणि डेटाबेस दोन्ही घ्यावेत. नुसत्या फाईली उतरवून ठेवल्या तर संकट आल्यावर चित्रे हाती लागतात, पण मालाची यादी आणि ऑर्डरी गेलेल्या असतात. स्टॅटिकमध्ये फाईलींची एक प्रत घरच्या पेन ड्राईव्हवर ठेवली की काम भागते. तरी होस्टिंगचा पासवर्ड तिथेही जपावाच लागतो.

तेव्हा कारागिराकडे जाण्याआधी घरच्यांनी एकत्र बसून तीन प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहावीत. महिन्यात माहिती किती वेळा बदलते? ती बदलणार कोण? गिऱ्हाइकाला पानावर स्वतः काही शोधायचे, भरायचे आहे का? बदल कमी आणि गिऱ्हाईक फक्त वाचणार असेल तर स्टॅटिक घ्या. बदल रोजचा असेल आणि ते काम सांभाळणारे माणूस घरात असेल तर डेटाबेस घ्या. माणूस नसेल तर निगा राखण्याचा वर्षाचा खर्च आधीच लेखी ठरवून घ्या.

आणखी एक गोष्ट दोन्ही प्रकारांना लागू आहे. वेबसाईटचे नाव, म्हणजे डोमेन, आपल्याच नावावर आणि आपल्याच ई-मेलवर नोंदवा. ते बनवणाऱ्याच्या नावावर राहिले आणि पुढे बिनसले, तर आपल्याच दुकानाची पाटी दुसऱ्याच्या हातात जाते. दर वर्षी नूतनीकरणाची तारीख घरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. मुदत चुकली तर वेबसाईट बंद पडते आणि पुढे ते नाव दुसरा कुणीही घेऊ शकतो.

धंदा वाढला तर स्टॅटिकवरून डेटाबेसवर जाता येते आणि नाव तेच ठेवता येते. म्हणून आज गरजेपुरते घ्या. उरलेला पैसा मालात घाला.