बाईंचे घर कोणाचे?

या अंकाची जुळवाजुळव चालू असतानाच आमच्या बाई गेल्या. तेहतीस वर्षे त्यांनी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवले. आमच्यापैकी कितीतरी जणींनी त्यांच्यापुढे पाटी धरली आणि पुढे शेजारीण म्हणून त्याच आमच्या गटाच्या पाठीशी उभ्या राहिल्या. स्वतःचे नाव छापलेले त्यांना आवडत नसे, म्हणून येथेही ‘बाई’ एवढेच लिहीत आहोत.

लग्नानंतर दोन वर्षांत नवऱ्याने त्यांना टाकले. माहेरी येऊन त्या शिकल्या, नोकरीला लागल्या, कर्ज काढून दोन खोल्यांचे घर बांधले. धाकटी बहीण शेवटपर्यंत त्यांच्याजवळ राहिली. एखादी मुलगी दोन दिवस शाळेत दिसली नाही, की संध्याकाळी बाई तिच्या दारात. ‘भावंडाला सांभाळायचंय ना? त्यालाही घेऊन ये, पण तू ये,’ असे सांगून त्या तिला परत वर्गात बसवीत. रात्री-अपरात्री मार खाऊन बाहेर पडलेल्या बायकांना वस्तीत एकच दार ठाऊक होते. मागोमाग नवरा शिव्या देत आला, तर बाई हजेरी घेतल्यासारखे त्याचे पूर्ण नाव उच्चारीत. बहुतेक वेळा तोही त्यांचाच विद्यार्थी असे. मान खाली घालून निघून जाई.

शोकसभेत वक्त्यांनी बाईंना ‘त्यागमूर्ती’ म्हटले, ‘माउली’ म्हटले. आम्हाला हे शब्द टोचले. बाई कामाचा पगार घेत होत्या, आणि तो स्वतःच्या हातात राहावा म्हणून माहेरीही भांडल्या होत्या. बाईच्या कष्टाला त्याग म्हटले, की तिच्या हक्काचा प्रश्नच उरत नाही. तो प्रश्न तेराव्यानंतर लगेच उभा राहिला.

बाईंचा काडीमोड कधी झालेला नव्हता. नवरा काही वर्षांपूर्वी वारला. मूलबाळ नाही, आईवडील नाहीत, मृत्युपत्र नाही. चाळीस वर्षांत ज्यांनी एकदाही विचारपूस केली नाही, ते दिराचे मुलगे घरावर हक्क सांगायला आले. आणि मैत्रिणींनो, कायदा त्यांच्याच बाजूने आहे.

हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ चा. हिंदूंबरोबर बौद्ध, जैन आणि शिखांनाही तो लागू आहे. त्याचे कलम १५ सांगते की, मृत्युपत्र न करता स्त्री वारली तर तिची मालमत्ता आधी मुले आणि नवरा यांना, ते नसतील तर नवऱ्याच्या वारसांना आणि त्यानंतर तिच्या आईवडिलांना मिळेल. बहीण त्याही मागे. आईवडिलांकडून वारसाने आलेली मालमत्ता मात्र, मूल नसेल तर, वडिलांच्या वारसांकडे जाते. म्हणजे बाईंना हे घर वडिलांकडून मिळाले असते तर बहिणीला राहिले असते. स्वतःच्या पगारातून बांधले, म्हणून सासरी चालले! पुरुष निपुत्रिक वारला तर त्याची कमाई बायकोच्या भावांकडे जाते का?

नारायणीदेवींचा खटला आठवावा. लग्नानंतर तीन महिन्यांत त्या विधवा झाल्या. सासरच्यांनी हाकलले, माहेरच्यांनी शिकवले, त्यांनी नोकरी केली. १९९६ साली त्या वारल्या. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांची कमाई आईला न देता नणंदेच्या मुलांना दिली. सहानुभूती कायद्याच्या जागी ठेवता येत नाही, असे कारण दिले. त्याआधी २००८ मध्येच विधी आयोगाने स्वकष्टाच्या मालमत्तेत माहेरच्या वारसांनाही बरोबरीने वाटा द्यावा, असे सुचवले होते. मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क महाराष्ट्रात १९९४ साली आणि देशभर २००५ साली मिळाला. कलम १५ मधला हा क्रम मात्र तसाच राहिला.

हे कलम बदलावे, ही मागणी आपण लावून धरलीच पाहिजे. पण तोवर थांबायचे कारण नाही. मृत्युपत्र साध्या कागदावर करता येते, त्याला मुद्रांक लागत नाही. दोन साक्षीदारांसमोर सही करावी, त्यांच्याही सह्या घ्याव्यात. ज्यांना मिळकत मिळणार त्यांना साक्षीदार करू नये. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. बँकेत किंवा विम्यावर ‘नॉमिनी’ लावला म्हणजे काम झाले, असे समजू नका. नॉमिनीने पैसे घेऊन कायदेशीर वारसांना द्यायचे असतात, असे सर्वोच्च न्यायालयाने विम्याच्या बाबतीत १९८४ साली सांगितले होते; विम्यापुरता हा नियम २०१५ साली काही अंशी बदलला.

एकट्या राहणाऱ्या, टाकलेल्या, विधवा, मूल नसलेल्या बायकांनी तर हे आधी करावे. ‘मरणाचं कशाला बोलायचं’ म्हणून आपण हा विषय टाळतो आणि आयुष्यभराची कमाई परक्यांच्या हाती जाते. या तीन महिन्यांत प्रत्येक गटाने एक बैठक यासाठी ठेवावी, ओळखीच्या वकील मैत्रिणीला बोलवावे, कागद तिथेच लिहायला घ्यावेत. किती जणींनी मृत्युपत्र केले आणि काय अडचणी आल्या, ते आम्हाला जरूर कळवा.

बाईंच्या बहिणीच्या पाठीशी आपला गट उभा आहे. बाईंच्या नावाने पुरस्कार काढावा, अशी सूचना शोकसभेत आली. जरूर काढावा. पण त्यांनी ज्या बायकांना दार उघडले, त्यांच्या नावावरचे दार त्यांच्याच मर्जीने पुढे जावे, हे काम आपल्याला अधिक तातडीचे वाटते.